ल्युटिशाच्या झग्यांची गोधडी

नाही झाली, ब्रदर ईझेल, अजून नाही झाली—आणि दारात उभं राहून असं बघू नका माझ्याकडे, मी काय तुमची गाय चोरलीये? या, बसा. ती खुर्ची नको, तिच्यावर मांजर झोपतं, तुमच्या काळ्या पँटला केस लागतील. ही घ्या. टोपी द्या इकडे. आज गुरुवार आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं बघा, कामाच्या रगाड्यात वार कुठले लक्षात राहायला—कॉफी? केलेलीच आहे. आणि हा पीचचा केक, तो आपला सहजच केला, पीच पिकून चालले होते, टाकायचे कसे? दोन बशा? दोन बशा मी नेहमीच काढते. एक फुटली तर असावी म्हणून. आणि एप्रन नवा नाहीये, जुनाच आहे, इस्त्री केलीये म्हणून तुम्हाला नवा वाटतोय. खा, खा. बघत काय बसलात?

सांगते ना कुठवर आलीये गोधडी. आलीये. चांगली आलीये. आता मागच्या आठवड्यात मशीनचा पट्टा तुटला, ते तर तुम्हाला माहीतच आहे, तुम्हीच जोडून दिलात. त्याच्या आधी सुई मोडली. त्याच्या आधी ईस्टर. ईस्टरच्या आधी माझा गुडघा—हसू नका, पायमशीन आहे ते, गुडघ्याशिवाय चालत नाही! आणि त्याच्याही आधी, तेव्हा काय झालं होतं बरं? काहीतरी झालंच होतं. तुमच्या रुफसचं परत पत्र आलं वाटतं? येणारच. 'बाबा, एक बॅग भरा आणि डेट्रॉइटला या, थंडी पडायच्या आत या.' एक बॅग! जन्माचा संसार, आणि पोरगं म्हणतं एक बॅग. मोटारींच्या कारखान्यात राहून राहून त्याला वाटायला लागलंय की माणूसही नटबोल्ट काढून डब्यात घालता येतो. मी काही म्हणत नाही, गुणी आहे पोरगा, दर महिन्याला विचारपूस करतो. म्हणून तर तुम्ही ल्युटिशाचे मागे राहिलेले झगे उचलून माझ्याकडे आणलेत. झगे बॅगेत मावायचे नाहीत, पण गोधडी काखेत मारून नेता येईल, असं म्हणालात. पटलं मला. 'सिस्टर क्रियोला, गोधडी झाली की मी निघालो.' तुमचेच शब्द हे, चर्चमधल्यासारखं सिस्टर म्हणून. इथेच, ह्या दारात उभं राहून म्हणालात, टोपी हातात धरून.

हा बघा, हा पिवळा, हे मोठ्ठे ठिपके असलेला. आठवतो? काय विचारते मी, आठवणारच. हा घालून ती गाणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली की पाद्रीबाबा प्रवचन विसरायचे. आणि गाणं! माफ करा हं, बायको होती तुमची, पण सूर म्हणून कधी लागला नाही तिला. आवाज मात्र असा की नदीपलीकडच्या चर्चची माणसं आपल्या चर्चमध्ये आमेन म्हणायची. आणि जीभ? माझ्या मक्याच्या पावाला ती वीट म्हणायची. सगळ्यांच्या देखत! 'क्रियोला, दोन विटा दे गं, चूल बांधायचीये.' मी तीन तीन आठवडे बोलायची नाही तिच्याशी. मग ती यायची, चिंध्यांचं गाठोडं घेऊन. काही बोलायची नाही, गाठोडं ठेवायची, पाव उचलायची, ताकात कुस्करून खायची आणि जायची. आता मला कोणी वीट म्हणत नाही. सगळे म्हणतात, छान झालाय हं पाव. खोटं बोलतात मेले.

कुठे होते मी? हां, गोधडी. काम किचकट असतं हो हे, तुम्हा पुरुषांना वाटतं बाई बसली मशीनवर की झालं. तसं नसतं. आता शेजारच्या वर्डेलचंच घ्या—तिच्या मधल्या मुलीचं लग्न ठरलं, तुम्हाला तर माहितीये कसं घाईघाईत ठरलं, का ठरलं ते मी बोलत नाही, बाळ गोड आहे—तर त्या वर्डेलनं लग्नासाठी पट्ट्यांची गोधडी करायला घेतली सोमवारी आणि पुढच्या सोमवारी ती गादीवर अंथरलेली होती! आठवड्यात! आणि टाके बघाल तर हे एवढे, पायाचा अंगठा अडकेल. पण झाली. होणारच, त्यात आहे काय? पट्ट्यांची गोधडी म्हणजे आळशी बायकांचं काम. वर्तमानपत्राचा चौकोन कापायचा, मधोमध तिरपी एक पट्टी ठेवायची, तिच्यावर दुसरी पालथी, घालायची शिवण, उलटायची, पुढची ठेवायची, शिवण, उलट, शिवण, उलट, रुंद असो, अरुंद असो, वाकडी असो, काही मोजायचं नाही, काही जुळवायचं नाही. कागद भरला की कडा कापायच्या, चौकोन तयार. माझी आजी तर एका बाजूला चवळी शिजत ठेवायची आणि चवळी शिजेपर्यंत चार चौकोन करायची. थंडी अचानक पडली की हीच गोधडी करतात लोक, कारण ह्याहून झटपट गोधडी ह्या अलाबामात तरी कुणी...

काय?

हो, तुमचीही पट्ट्यांचीच आहे. पण ते—वर्डेलचं वेगळं. तिच्याकडे मुली आहेत हाताशी. आणि माझ्या आजीचं म्हणाल तर आजीचा गुडघा चांगला होता. आणि हे ल्युटिशाचं कापड बघा ना, निसरडं किती! हा निळा तर सुईखालून सटकतो. धरून ठेवावा लागतो, तिच्यासारखाच आहे. मी म्हटलं, गोधडी जायचीये परक्या शहरात, तिथल्या बायका उलटून पालटून बघतील, गावाची अब्रू आहे, तर होऊ दे चांगली, लागेना का वेळ. जानेवारीत दिलेत ना कपडे तुम्ही? मग. आता कुठे जुलै चाललाय. फार नाही झाले.

आणखी केक घ्या. घ्या हो, तुम्ही वाळलायत. एकटा माणूस चुलीवर काय करून खात असेल देव जाणे. मी काही विचारत नाही. परवा तुमच्या दारावरून गेले, सहज, कामच होतं त्या बाजूला, तर धुराड्यातून धूरच नाही. दुपार झाली तरी नाही. मग परत आले तेव्हाही नाही. मला आपलं वाटून गेलं—मग दिसलात तुम्ही, कोंबड्यांना दाणे टाकत होतात. त्या लंगड्या कोंबड्याशी बोलत होतात. काय बोलत होतात हो? जाऊ दे. डेट्रॉइटला कोंबड्या पाळू देत नाहीत म्हणे. खाली माणसं, वर माणसं, मध्ये आपण. मी सांगत नाहीये काही, ऐकलं ते बोलले.

तो चौकोन ठेवा खाली. मागनं काय बघताय? कागद आहे नुसता, रद्दी, मी इस्त्रीला जाते त्या बाईंच्या घरची. आम्ही तो शेवटी फाडूनच टाकतो, चौकोन ताठ राहावा म्हणून असतो तोवर. बेसबॉलचा निकाल आहे? एप्रिलचा? तो तुम्हाला तेव्हाच कळला असेल की! अहो, चष्मा कशाला लावताय, डोळे खराब होतील. इकडे द्या. हा दुसरा घ्या वाचायला, ह्याच्यावर अर्धा नवरदेव आहे, धडापासून खाली, त्याचं डोकं कुठल्या चौकोनावर गेलं ते मी शोधतेच आहे—द्या ना इकडे. उजेडाकडे धरू नका! ब्रदर ईझेल!

भोकं? असतात भोकं. सुई जाते, भोक पडतं. हो, शिवण एक आहे. हो, दिसतंय मला, भोकांच्या रांगा चार आहेत. कसर लागली असेल. लागते कागदालाही कसर! अशी सरळ रेषेत? आता कसर सरळ रेषेत खाते की वाकडी हे मी कशाला बघायला गेले?

बरं. बरं, ठीक आहे. नका असे बघू. हो. उसवते मी. झालं समाधान? तुम्ही गुरुवारी येता, केक खाता, इकडचं तिकडचं बोलता, म्हणजे मीच बोलते, तुम्ही खाता, आणि जाताना त्या गठ्ठ्याकडे बघून विचारता, 'पुढच्या गुरुवारी होईल?' मी म्हणते, होईल. आणि शुक्रवारी सकाळी उठते आणि पहिले उसवायला बसते. शिवलेलं सगळं नाही, चारदोन चौकोन. आठवडाभर परत तेच शिवते. त्याच कागदावर, म्हणून ती चाळण झालीये, नवा कागद घ्यायचं डोकं नाही चाललं. कागद उलटून बघणारा पुरुष मी आजवर पाहिला नव्हता!

का म्हणून काय विचारता? झाली की तुम्ही निघालात ना. तुम्हीच म्हणालात. ल्युटिशा गेली, ती काही मला विचारून गेली नाही. माझा ऑस्करही गेला, त्यालाही कितीतरी वर्षं झाली, मी कधी तोंडातून शब्द काढला नाही. पण आठवड्यातला एक दिवस कुणी त्या खुर्चीवर बसतं आणि मला दोन बशा धुवायला लागतात. तेवढंच. तेवढं मला हवं होतं, आणि ते मागायचं कसं हे मला येत नाही, शिवता येतं, उसवता येतं. लाज वाटतीये मला आता. तिचेच झगे, आणि मी तिच्याच नवऱ्याला—तिनं बघितलं असतं तर माझ्याच पावाच्या विटा माझ्या डोक्यात घातल्या असत्या. नाहीतर हसली असती. हसलीच असती, मेली. ऐका ईझेल—ब्रदर ईझेल. मी चुकले. तुमचा पोरगा वाट बघतोय आणि मी मध्ये पाय घालून बसलेय.

हे घ्या. सगळे चौकोन घ्या मांडीवर. फाडा कागद. शिवणीवर अंगठा दाबायचा आणि ओढायचा, निघतो सरळ, जोरसुद्धा लागायचा नाही. कागद निघाले की मी जोडते, कापूस भरते, मला चार दिवस पुरे आहेत, खरं सांगायचं तर तीनच. पुढच्या आठवड्यात बसा तुमच्या बसमध्ये. फाडा. मी भांडी घासते तोवर, पाठ करून बसलेय म्हणून राग मानू नका. रडत कुठेय, साबण गेलाय डोळ्यात. आणि रुफसच्या बायकोला सांगा, पहिल्यांदा धुताना गार पाण्यात धू म्हणावं, तो लाल कपडा रंग सोडतो. कोंबड्या माझ्याकडे आणून सोडा. लंगड्यालाही आणा. मला काही त्याच्याशी बोलता यायचं नाही, पण दाणे टाकीन. तिकडे बर्फ पडतं, कानाला काहीतरी बांधत जा, तुम्हाला सर्दी लगेच होते. आणि कुणी केक दिला तर असं मान खाली घालून खात बसू नका, चांगला झालाय म्हणायचं असतं, बायकांना बरं वाटतं...

फाडताय ना? आवाज का येत नाहीये कागदाचा? ब्रदर ईझेल?

अहो! अहो, हे काय? कागद फाडा म्हटलं मी, शिवण उसवा नाही म्हटलं! चाकू कुठून काढलात? आणि हा पिवळा चौकोन, हा तर ह्या आठवड्यात उसवलाही नव्हता मी, चांगला पक्का होता—अहो, दोन पट्ट्या मोकळ्या केल्यात तुम्ही! तीन! वेड लागलंय का तुम्हाला? आता हा परत शिवायला मला...

थांबा. थांबा, असं नाही. कापडात घुसेल चाकू. एक टाका कापायचा, दोन सोडायचे, परत एक कापायचा, मग मागचा दोरा ओढला की सगळा येतो. हां. असा. बोटं जड आहेत हो तुमची. सावकाश, तिचं कापड आहे. इकडे सरका उजेडात, मी धरते एक बाजू.

काही बोलू नका आता. मीपण बोलत नाही.