अर्धा बंब

पोखर्णीची गाडी काही केल्या येईना. सोनपेठच्या स्टँडवर प्रियांका शेजारच्या दोन अनोळखी माणसांचं बोलणं ऐकत बसली. म्हातारीच्या मांडीवर अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता, आणि टोपीवाल्या बाबांची नजर त्यावरून हलत नव्हती.

"नवा घेतला का, मावशी?"

"न्हाई वो, सासूच्या वक्ताचा हाय. सांध्याचा डाग सुटून गळायलता, झाळून आणला."

"रिकामा पेटवला असंल."

"अर्धा भरला व्हता."

"आता बगा! बंब काठोकाठ भरल्याबिगर जाळ घालू न्हाई, हे लेकराला बी ठावं असतंय."

"सुनांना मीच शिकवलंय ते."

"मग?"

"पोरं, सुना, नातवंडं, समदी ऊसतोडीला गेल्यात. एकटीला इतकं पानी कशाला?"

"उरू द्या की! पान्याला काय तोटा हाय?"

"पयल्या दिशी भरला व्हता की काठोकाठ. माझं न्हानं झालं, तरी पानी लय कढत. सवयीनं दारात येऊन हाक मारली, 'कोन ऱ्हायलंय रं न्हायाचं?'"

"अन् मग?"

"मग दुसऱ्या दिशी अर्धाच भरला."