पूर्ण एकशे अठरा, अर्धे चारशे शहाण्णव

जबाब

दिनांक १६/०२/२०२५, रविवार. वेळ सायंकाळी ६.१० पासून.

मी, आबाराव बलभीम ओव्हाळ, वय ५८ वर्षे, शिक्षण दहावी, व्यवसाय : एस.टी.चा सेवानिवृत्त वाहक, राहणार बेंबळी, ता. जि. धाराशिव. ईट येथील पोलीस चौकीत स्वतः हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी मुक्ताबाई हिच्यासह राहतो. वाहक म्हणून बत्तीस वर्षे नोकरी करून गेल्या मे महिन्यात निवृत्त झालो. त्या काळात माझ्या गाडीत तपासणीवाले एकूण एकशे अकरा वेळा चढले, पण गाडीतली माणसे आणि माझा कागद यांत एका डोक्याचाही फरक कधी निघाला नाही. ही फुशारकी नाही. पुढे त्याचा संबंध येतो म्हणून सांगितले.

आपल्या जिल्ह्यात दोन वर्षांपासून बालाघाट फुटबॉल लीग चालू आहे. तीत नळदुर्ग, परंडा, बेंबळी व ईट असे चार क्लब आहेत. खेळाडूंना मानधन मिळते म्हणून तिला व्यावसायिक लीग म्हणतात. लीगचा नियम असा की, प्रत्येक क्लबच्या स्वतःच्या मैदानावरील तीन सामन्यांना आलेले प्रेक्षक मोजायचे, त्याची सरासरी काढायची आणि ज्याची सरासरी सर्वांत कमी, तो क्लब पुढच्या हंगामात बाद. गोल कोणी किती केले हे त्यात बघत नाहीत. मोजणारा माणूस दुसऱ्या गावचा असावा लागतो.

बेंबळीचे प्रेक्षक नळदुर्गच्या महालिंगप्पा यांनी मोजले. ते पूर्वी बाजारात मापाडी होते. पहिल्या माणसाला ते एक न म्हणता 'लाभ' म्हणतात आणि पुढे दोन, तीन असे ओरडत सुटतात. बाई, बाप्या, पोर, म्हातारा, सगळ्यांना एकच माप. या अडाणी पद्धतीबद्दल मी लीगचे सचिव युवराज यांना लेखी कळवले होते. उत्तर आले नाही.

ईटचे प्रेक्षक मोजण्याचे काम माझ्याकडे आले. ईट ही माझी सासुरवाडी आहे, हे मी सचिवांना आधीच सांगितले होते. त्यावर ते म्हणाले, "तुमचं गाव बेंबळी, सासुरवाडी ईट. दोन्हीकडं सारखीच वढ हाय. तुमीच जावा."

माझी मोजण्याची पद्धत अशी. मी फाटकाजवळ स्टुलावर मैदानाकडे पाठ करून बसतो, कारण चेंडूकडे लक्ष गेले की माणूस निसटतो. कागदावर तीन रकाने पाडतो : पूर्ण, अर्धे, मोफत. पुरुष पूर्ण. पाच ते बारा वर्षांची मुले अर्धी. महिला अर्ध्या. पासष्टीच्या पुढचे पुरुष अर्धे. पंचाहत्तरीच्या पुढचे सगळे मोफत, म्हणजे शून्य. शंका आली तर आधार कार्ड पाहतो. मांडीवरचे मूल धरत नाही. हे नियम मी केलेले नाहीत, गाडीत असेच चालते. माणसे मोजायची म्हटली की माझा हात आपोआप याच रकान्यांत जातो. सचिवांना मी फक्त बेरीज देत असे. रकान्यांचा कागद माझ्याजवळच राही.

आज दुपारी २.३० वाजता ईट विरुद्ध परंडा हा हंगामातील शेवटचा सामना होता. मी १.४५ पासून फाटकावर होतो. ईटच्या मैदानावर महिलांची गर्दी फार असते. कारण असे की, गावातील बचत गटांच्या ग्रामसंघाच्या अध्यक्ष गजराबाई यांनी पहिल्याच सामन्यापासून ग्रामसंघाची बैठक मैदानावर ठेवली. हजेरीच्या रजिस्टरवर सह्या होतात, ठराव मध्यंतरात होतात, आणि उरलेला वेळ सगळ्या बायका शेंगा फोडत सामना पाहतात व पंचाला सल्ले देतात.

२.१० वाजता द्वारकाबाई नावाच्या वृद्ध महिला काठी टेकत आल्या. त्यांनी न मागता आधार कार्ड काढून दाखवले. वय ८२ भरले. मी मोफतच्या रकान्यात रेघ मारली. त्यांनी विचारले, "म्या कितवी आले रं?" मी म्हणालो, "आजी, तुम्ही मोजणीत नाही." त्या म्हणाल्या, "एवढ्या उन्हाचं चालत आले, अन् म्या न्हायच?" मागे रांग असल्याने मी त्यांना आत सोडले.

२.१५ वाजता माझी पत्नी आली. ती कालपासून माहेरी आहे. कामावर असताना ओळख दाखवू नये म्हणून मी तिच्याशी बोललो नाही. अर्ध्याच्या रकान्यात रेघ मारली.

सामना मी पाहिला नाही. ओरड्यावरून ईटने दोन गोल केले असावेत. मध्यंतरात बेरीज केली : पूर्ण ११८, अर्धे ४९६ म्हणजे २४८, मोफत ३१. एकूण ३६६. एवढाच आकडा सचिवांकडे दिला.

सामना ४.१५ वाजता संपला. युवराज यांनी भोंग्यावरून आजचा आकडा व हंगामाची सरासरी वाचली. नळदुर्ग ९३१, परंडा ६०४, बेंबळी ३८८, ईट ३५२. ईटचा क्लब बाद. ईटचा गोलकीपर श्रीपती हा माझ्या पत्नीचा भाचा आहे. तो हातमोजे काढून खांबाला टेकून बसला.

मग गजराबाई उठल्या व सचिवांच्या हातातून माइक घेतला. त्या म्हणाल्या, "आज तीनशे सहासष्ट माणूस आलं म्हणताव? आमच्या रजिस्टरावर नुस्त्या बायकांच्याच तीनशे सत्त्याण्णव सह्या हायत. मग बाकीचं गाव काय झाडावर बसलं हुतं का?"

माझ्या मोजणीवर जाहीर संशय घेतला गेल्याने मी संतापलो. माइक मागून घेऊन मी सांगितले की, माझी मोजणी चुकत नसते, कागद तपासा. गजराबाईंनी कागद तपासला. महिलांच्या रेघेवर मी टिंब देतो. अर्धे व मोफत मिळून माझ्या कागदावर अशा ३९८ रेघा होत्या व त्यांच्या रजिस्टरवर ३९७ सह्या. एकीचा फरक होता. ती जादा बाई कोण, यावर बराच वेळ शोध झाला. शेवटी माझी पत्नी मागून म्हणाली, "म्या. माझी सही न्हाय, म्या बेंबळीची." म्हणजे मोजणी एका डोक्यापर्यंत बरोबर होती. मी ते माइकवर दोनदा सांगितले.

तेव्हाच गजराबाईंच्या लक्षात रकान्याचे नाव आले. त्यांनी ते मोठ्याने वाचले, "अर्धे."

यानंतर जो प्रकार घडला त्याची मी तक्रार देत आहे. ४.३५ वाजता महिलांनी मला मैदानाशेजारच्या समाजमंदिराच्या खोलीत नेले व ५.४५ पर्यंत बाहेर पडू दिले नाही. मारहाण झाली नाही. मला बसायला बाक दिला, परंतु त्याच्या अर्ध्या भागावर शेंगांचे पोते ठेवले. अर्धा कप चहा दिला. अर्धे बिस्किट दिले, उरलेले अर्धे माझ्यासमोर द्वारकाबाईंनी खाल्ले. पंखा लावा म्हटल्यावर त्याचे बटण अर्धेच फिरवले. मी सोडा म्हणालो, तर गजराबाई म्हणाल्या, "ओ, दार अर्धं उघडंच हाय की. जावा अर्धं."

त्या उघड्या अर्ध्या भागात एक महिला पाठ लावून बसली होती. तिचे नाव मला माहीत आहे. सध्या सांगत नाही.

त्या खोलीत गजराबाई मला आणखी एक बोलल्या, ते लिहून घ्यावे. तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. "जत्रंत असू द्या, कुस्तीत असू द्या, ईटच्या बायकानं आजपोतर मागंच हुबं ऱ्हायलं. गड्यांच्या खांद्यावरनं जेवडं दिसंल तेवडं बघितलं. ह्या मैदानावर पयल्यांदा फुडं बसलो. आता क्लब गेला की हेबी गेलं. तुमी आमाला मोजलं, पर धरलं न्हाय." मी कपाकडे पाहत बसलो. चहा संपलेला होता.

सुटल्यावर मी थेट चौकीत आलो. त्या महिलांवर बेकायदेशीर जमाव जमवून मला डांबून ठेवल्याबद्दल गुन्हा दाखल व्हावा, अशी माझी तक्रार आहे.

येथपर्यंत जबाब लिहून झाल्यावर महिला हवालदार मिनाज मॅडम यांनी विचारले की, खोलीत किती जणी होत्या. मी सांगितले, आठ. मॅडम म्हणाल्या, "काका, बेकायदेशीर जमाव म्हणायला कमीत कमी पाच जण लागत्यात. आठ लिहू का चार?"

मी म्हणालो, आठ. मी स्वतः मोजल्या आहेत.

"पूर्ण का अर्ध्या?"

मी म्हणालो की, गाडीचा नियम वेगळा व चौकीचा वेगळा. मॅडम म्हणाल्या, "अन् मैदानाचा?" त्यांनी असेही विचारले की, हा जबाब एका महिलेने लिहिला आहे, तर तो अर्धा समजायचा का. मी नाही म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवले आणि मला पाणी दिले. ग्लास पूर्ण भरलेला होता.

मी थोडा वेळ विचार केला. तपासणीवाला गाडीत चढतो तेव्हा आधी डोकी मोजतो. अर्ध्या तिकिटाचे माणूस अर्ध्या सीटवर बसत नाही. म्हातारी मोफत असली तरी तिला आपण हात देऊन चढवतो व सीटवर बसवतो. गाडीत माणसे किती, असे विचारल्यावर मी बत्तीस वर्षे डोकीच सांगितली. मैदानावर मला तिकिटे कोणी विचारली नव्हती, माणसेच विचारली होती. मला माझी लाज वाटली. हे वाक्य लिहू का, असे मॅडमनी विचारले. मी लिहा म्हणालो.

तिन्ही सामन्यांचे कागद मी पिशवीतून काढून दिले. डोकी मोजल्यास पहिला सामना ५९४, दुसरा ६३३, आजचा ६४५. सरासरी ६२४. म्हणजे ईट परंड्याच्याही वर, दुसऱ्या क्रमांकावर येते. सर्वांत खाली बेंबळी जाते. हे मी फोनवरून युवराज यांना कळवले.

पाच मिनिटांत बेंबळी क्लबचा व्यवस्थापक वसीम याचा फोन आला. तो आमच्याच गल्लीत राहतो, पोरगा चांगला आहे. तो म्हणाला, "काका, तुमी आकडा बदलायलाव म्हणं. आपलं गाव बाद हुईल ना! ऱ्हाऊ द्या की अर्धं. कुणाला कळायलंय?"

मी म्हणालो, "मला कळतंय."

तो म्हणाला, "मग गावात तोंड कसं दाखवताव?" मी सांगितले की, बेंबळीच्या मैदानावर बायका येतच नाहीत, येऊ दिल्या तर मोजायला भरपूर निघतील, तुझी आई आली असती तर महालिंगप्पांनी तिला पूर्ण धरले असते. फोन त्याने ठेवला की माझ्याकडून बंद झाला, हे सांगता येत नाही.

महालिंगप्पांच्या पद्धतीबद्दल मी जे लेखी कळवले होते, ते मागे घेतो.

माझी तक्रार मी मागे घेतो. आठ महिलांपैकी दाराशी बसलेली महिला माझी पत्नी मुक्ताबाई होती. तिने खोलीत मला एकच प्रश्न विचारला होता, तो मी आधी सांगितला नाही. "मला किती धरलं?" मी खरे सांगितले. ती काहीच बोलली नाही, फक्त दाराला पाठ आणखी घट्ट लावली. एकतीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर रागावली की बोलते. आज ती बोलली नाही, म्हणून मी घाबरून चौकीत आलो. डांबून ठेवल्याचे मला तितके काही वाटले नव्हते.

मॅडमनी तिला चौकीबाहेर जमलेल्या महिलांतून साक्षीदार म्हणून आत बोलावले. ती बाकाशी येऊन म्हणाली, "सरका तिकडं. पुरी जागा लागती मला." मी सरकलो. मग तिने मॅडमना विचारले, "आजच्या आकड्यात हे धरल्यात का?" मी सांगितले की, मोजणारा स्वतःला धरत नसतो, गाडीत वाहक धरत नाहीत. ती म्हणाली, "धरा. मॅच न बघता तिनी बारी उन्हात बसला हुता की." नियमात बसत नसल्याने मी धरले नाही. ती नाराज झाली, पण पहिल्यासारखी नाही. पुढच्या हंगामात मी मोजणी सोडावी आणि तिच्याशेजारी तोंड मैदानाकडे करून बसावे, असे तिचे म्हणणे आहे. मी हो म्हटले आहे.

आज बेंबळीला न जाता आम्ही दोघे सासुरवाडीतच मुक्काम करणार आहोत.

मी बोललो तेच कागदावर आले आहे. मिनाज मॅडमनी ते मला मोठ्याने वाचून दाखवले, आणि खिडकीबाहेरच्या महिलांनी हट्ट धरल्याने त्यांनाही एकदा वाचून दाखवले. त्यात खाडाखोड नाही, कमीजास्त नाही. मला मान्य आहे.

सही/-
आबाराव बलभीम ओव्हाळ

समक्ष,
मिनाज शेख, महिला पोलीस हवालदार

साक्षीदार : मुक्ताबाई आबाराव ओव्हाळ, वय ५४, राहणार बेंबळी, माहेर ईट.
साक्षीदारांची संख्या : एक. पूर्ण.