केलुआकचं पाणी

लियान: ताची, एवढी वसाबी एका घासाला? आख्ख्या टेबलाला पुरली असती.

ताची: मला आवडते.

लियान: डोळ्यांतून पाणी वाहतंय तुझ्या.

ताची: वाहू दे. बाहत्तर वर्षांच्या बाईचे डोळे वाहिले तर कोणी विचारायला येत नाही. तू तुझं खा.

लियान: हे माझं नाहीच. मी गरम नूडल्स मागितले होते, हे थंड आलेत. त्या स्क्रीनवर भलत्याच चित्राला बोट लागलं वाटतं.

ताची: चष्मा लाव म्हटलं की राग येतो तुला.

लियान: पूर्वी निदान एखादी पोरगी येऊन विचारायची. काय हवं, कसं झालंय, अजून भात देऊ का. आता सगळं स्क्रीनला सांगायचं.

ताची: ते बरं आहे. कसं झालंय म्हणून कोणी विचारत नाही, उत्तर द्यायला नको.

लियान: तू आणि उत्तर द्यायला नको? आख्ख्या काटोंगमध्ये तुझ्या जिभेला घाबरत नाही असा एक स्वयंपाकी दाखव.

ताची: दमले आता त्या सगळ्याला.

लियान: मीही दमले, ताची. दर बुधवारी हेच दुकान. दीड वर्ष झालं. थोरल्या बहिणीचं ऐकायचं म्हणून ऐकते, पण तळलेलं डुक्कर आणि चिरलेला कोबी आता माझ्या स्वप्नात यायला लागलाय.

ताची: कुरकुरीत असतं.

लियान: कुरकुरीत तर कोळंबीचे पापडही असतात. ते घरी बसून खाता येतात.

ताची: मग बस घरी.

लियान: झालं. बोलायचीच सोय नाही. ग्लेनचा फोन आला होता.

ताची: तुला रोज कोणाचा ना कोणाचा फोन येतो.

लियान: तुझा भाचा आहे तो, नुसता माझा नाही. दुकान उघडून तीन महिने झाले. सगळं गणगोत जेवून आलं. तू नाहीस.

ताची: माझे गुडघे.

लियान: याच गुडघ्यांनी तू दर बुधवारी या मॉलचे दोन सरकते जिने चढतेस.

ताची: जिने सरकतात, मी नाही.

लियान: तो केलुआकची कोंबडी करतोय, त्या काळ्या बिया घालून. आपल्या आईची, माकची. तिचं नाव मेनूवर घालायचं म्हणतोय, 'गेक निओची केलुआक कोंबडी'. पण तू चाखून हो म्हटल्याशिवाय घालणार नाही म्हणाला. मेनू छापायचा थांबलाय तुझ्यासाठी.

ताची: माझ्यासाठी कशाला? तू चाख. तुला तोंड नाही?

लियान: मला कोण विचारतं? माकनं चाखायचा चमचा तुझ्या हातात दिला होता, माझ्या हातात बादली. मी भिजत घातलेल्या केलुआकचं पाणी बदलणारी.

ताची: जुनं काढू नकोस.

लियान: मी नाही काढत. माझ्या मेलीच्या डोक्यातून तेच जात नाही, त्याला काय करू? आपल्या घरच्या शेवटच्या नववर्षाचं जेवण मी नासवलं.

ताची: चहा गार झाला तुझा.

लियान: पुढच्या बुधवारी ग्लेनकडे जाऊ. तू नाही आलीस तर मी एकटी जाईन, आणि त्याला सांगेन की तुझ्या आत्याला माकच्या नावाचीही पडलेली नाही.

ताची: तोंड चालवायला शिकलीस म्हातारपणी.

लियान: चौतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात पालकांचं ऐकून घेतलं. आता माझी पाळी.

ताची: बरं. येते. पण जास्त वेळ बसायचं नाही.

(पुढचा बुधवार. काटोंगमधलं ग्लेनचं दुकान. दुपारची गर्दी ओसरली आहे. ग्लेन थोरल्या आत्याला तुआ को म्हणतो, लियानला सा को.)

ग्लेन: तुआ को, इथं बसा, इथं पंख्याचा वारा थेट येत नाही. सा को, तुम्ही इकडे. फोटो पाहिलात? आजीचा. बाबांच्या कपाटात सापडला.

ताची: माकच्या केबाया पोलक्याची पिन उलटी लावलीय या फोटोत. घाईघाईत काढला असणार.

ग्लेन: तुम्हाला तेवढ्यात दिसलं?

लियान: तिला फक्त चुकाच दिसतात. तू वाढ.

ग्लेन: ही सांबल बलाचानची चटणी, आत्ता कुटलीय. ही भाजी. आणि ही... केलुआक. बोलू नका काही. आधी खा.

ताची: थांब. लिंबाच्या बिया काढल्या नाहीत.

ग्लेन: काढतो उद्यापासून.

ताची: आज काय झालं? आणि हे केलुआक तू उघडून भरले नाहीस. टवका पाडलायस आणि आतला गर आहे तसाच ठेवलायस.

ग्लेन: तुआ को, आठवड्याला तीनशे लागतात. प्रत्येकातला गर काढायचा, कुटायचा, परत भरायचा, म्हणजे मला चार माणसं जास्तीची हवीत. विष उतरायला पाच दिवस भिजवतो मात्र नक्की. पाणी रोज बदलतो. ते मी विसरत नाही.

लियान: हो. ते विसरून चालत नाही.

ग्लेन: सा को, मी तुम्हाला म्हणून नाही म्हटलं.

लियान: माहीत आहे रे बाळा. तूही तेव्हा होतास तिथं, सगळ्यांना तेच आठवतं. जा, ओट्यावर बघ. आम्ही खातो, मग बोलावते.

ग्लेन: दहा मिनिटं, सा को. दहाच.

लियान: घाबरलाय बिचारा. ताची, खा ना. मला नको सगळं. तू फोड, मी तुझ्यातलं चिमूटभर घेते, लहानपणीसारखं.

ताची: घे मग.

लियान: आधी तू. थोरलीचा पहिला मान.

ताची: मान कसला आलाय. भूक लागलीय तर खातेय.

लियान: कसं आहे?

ताची: चांगलं आहे. मऊ. मीठ बरोबर.

लियान: एवढंच? माकच्या पदार्थाला मीठ बरोबर एवढंच?

ताची: आणि काय हवंय? रस्सा दाट आहे. चिंच आहे. खा.

लियान: बघू. (चाखते) ताची. थुंक ते.

ताची: काय झालं?

लियान: थुंक म्हणते ना. नासलंय हे. कुबट, ओल्या भिंतीसारखं. पाणी दे, पाणी दे इकडे. तू अर्धा केलुआक खाल्लास?

ताची: खाल्ला.

लियान: तुला कळलं नाही?

ताची: हळू बोल. तो ऐकेल.

लियान: ताची, तुला कळलं नाही. आपल्या गल्लीतल्या बायका बाजारातून केलुआक आणल्यावर आधी तुझ्या दारात आणायच्या. एखाद्या नासक्या बीला तू दारातूनच ओळखायचीस.

ताची: ओळखायचे.

लियान: मग?

ताची: नाक गेलंय.

लियान: म्हणजे?

ताची: म्हणजे गेलंय. खारट कळतं, आंबट कळतं, गोड कळतं. बाकी सगळं कापसासारखं. फुलं, मासे, स्वतःच्या घराचा वास, काही नाही. डॉक्टरीण म्हणाली, आला तर येईल परत. आला नाही.

लियान: कधीपासून?

ताची: तो ताप आला होता ना मला, त्या नववर्षाआधी. दोन आठवडे पडून होते.

लियान: म्हणजे दीड वर्ष. म्हणून ते जपानी दुकान. ते तळलेलं.

ताची: तिथं कुरकुर तरी कळते. थंड ते थंड, गरम ते गरम. आणि ती वसाबी नाकात चढली की वाटतं, अजून काहीतरी आत पोचतंय.

लियान: आणि मी तुला हसत होते.

ताची: हस की. त्याला काय.

लियान: थांब. ताप नववर्षाआधी आला. मग त्या दिवशीची कोंबडी...

ताची: लियान.

लियान: त्या दिवशी केलुआक कोणी चाखले?

ताची: मीच. चाळीस होते. चाळीसच्या चाळीस जिभेवर ठेवले. सगळे सारखेच लागले, म्हणजे काहीच लागले नाहीत. एखादा नासका असेल तर पातेलं जाईल, एवढं मला कळत होतं. तरी सगळे एकत्र कुटले.

लियान: मी बाजूलाच उभी होते. मला म्हणायचंस, लियान, तू बघ जरा.

ताची: म्हटलं असतं तर चमचा तुझ्या हातात द्यावा लागला असता.

लियान: मग द्यायचास.

ताची: माकनं तो मला दिला होता. चाळीस वर्षं दुसरं काय होतं माझ्याकडे? नवरा लवकर गेला, पोरं परदेशी. लोक घरी यायचे ते त्या चमच्यासाठी. मला वाटलं, सर्दी आहे, जाईल. नुसतं एक जेवण निभावायचं होतं.

लियान: पहिला घास आपल्या भावानं घेतला आणि उठून मोरीकडे गेला. अठरा माणसं होती त्या टेबलाभोवती. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, लियाननं तिसऱ्या दिवशीचं पाणी बदललं नाही.

ताची: म्हणाले.

लियान: मी बदललं होतं.

ताची: माहीत आहे.

लियान: कधीपासून माहीत आहे?

ताची: म्हणतानाच माहीत होतं.

लियान: दीड वर्ष मी आठवून बघतेय, ताची. रात्री जाग आली की तेच. पहिल्या दिवशी बदललं, दुसऱ्या दिवशी बदललं, तिसऱ्या दिवशी पाऊस होता, तरी आले होते की नाही? आले होते. की नव्हते? तू इतक्या खात्रीनं सांगितलंस की मला माझ्याच बादलीची खात्री उरली नाही.

ताची: आली होतीस. छत्री मोरीत उघडी ठेवली होतीस. मी ओरडलेही होते त्यावरून.

लियान: छत्री. हो. छत्री होती.

ताची: तुला राग येणारच. बोल मला, शिव्या घाल. नाही तर उठून जा, मी बस धरून जाईन घरी.

लियान: रागवायलाही अंगात बळ हवं. मला नुसतं बसावंसं वाटतंय.

ताची: मला तुला सांगायचं होतं. दर बुधवारी ठरवून निघायचे. मग ती चित्रांची स्क्रीन समोर यायची आणि तू बोलत सुटायचीस.

लियान: म्हणजे तेही माझ्यामुळेच.

ताची: नाही. ते माझ्यामुळे. सगळं माझ्यामुळे. चुकलं माझं, लियान.

लियान: आज सांगतेस. मला एकटीला, कोपऱ्यातल्या टेबलावर. तेव्हा अठरा होते.

ताची: हो.

लियान: त्यातले दोन तर वारलेही. ते तेच समजून गेले.

ताची: हो.

लियान: तो बघ, येतोय. डोळे पूस. काय सांगणार आहेस त्याला? माकचं नाव आहे, लक्षात ठेव. चांगलं आहे म्हणालीस तर उद्या कोणीतरी असाच नासका खाईल आणि माकला नावं ठेवील.

ग्लेन: झाली दहा मिनिटं. मी बाराही थांबलो. तुआ को? कसं झालंय? सा को, वाईट झालंय का?

लियान: तिला विचार.

ग्लेन: तुआ को, खरं सांगा. मी तीन महिने थांबलोय, खोटं ऐकायला नाही. आजीचं नाव घालू की नको?

ताची: मला चव कळत नाही, ग्लेन.

ग्लेन: म्हणजे मी मीठ कमी...

ताची: तुझं काही नाही. माझंच. दीड वर्षापूर्वीच्या तापात वास गेला आणि वासाबरोबर चव गेली. हा केलुआक नासका होता, मी अर्धा खाल्ला. लियाननं चिमूटभर खाल्ला आणि थुंकली. आजपासून चाखायचं ते तिनं.

ग्लेन: नासका? अरे देवा. सा को, माफ करा. मी आत्ता सगळं पातेलं...

लियान: पातेलं राहू दे, बाकीचे कदाचित चांगले असतील. बस आधी. उभ्यानं ऐकू नकोस, पुढं अजून आहे. आहे ना, ताची?

ताची: आहे. ग्लेन, नाव आत्ता घालू नकोस. प्रत्येक केलुआक उघडायचा, गर काढायचा, चाखायचा, मग कुटायचा. त्यातून सुटका नाही. तीनशे जमत नसतील तर साठ कर. शनिवारी मिळेल अशी पाटी लाव, लोक शनिवारी येतील.

ग्लेन: चाखायला मी शिकलोच नाही, तुआ को. मला चांगला आणि वाईट यातला मधला कळत नाही.

ताची: तो लियानला कळतो. तिला नेहमीच कळत होता, कोणी चमचा दिला नाही एवढंच. मी शेजारी बसेन. बी कानाशी हलवून पोकळ आहे का ते माझ्या कानाला अजून कळतं. ती चाखेल, मी हलवीन.

लियान: मी अजून हो म्हटलेलं नाही.

ताची: लगेच म्हणू नकोस. विचार कर. ग्लेन, तू लिहून घे, नाही तर विसरशील. आजच साठ भिजत घाल, मोठ्या बादलीत, पंख्याखाली नाही, सावलीत.

ग्लेन: घालतो. पाणी मी रोज सकाळी...

ताची: पाणी हिला बदलू दे. त्या नववर्षाला हिनं पाचही दिवस बदललं होतं. खोटं मी बोलले होते. घरी गेलास की तुझ्या बापाला सांग, आणि त्याला म्हणावं, बाकीच्यांना मी स्वतः फोन करतेय.