दुसऱ्या आसनाचा भार

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे, मागच्या रांगेतून आत्ताच घड्याळाकडे पाहू लागलेले सभासद बंधुभगिनी आणि आजच्या सत्कारमूर्ती, ज्या योगायोगाने माझ्या सख्ख्या थोरल्या भगिनी आहेत,

आपल्या विमान क्लबाचा चिटणीस या नात्याने निरोपाचे चार शब्द बोलणे माझ्याकडे आले आहे. गौरवपर बोलावे, अशी सूचना आहे. मी प्रयत्न करीन. परंतु अंतःकरणात मत्सराने एवढी जागा व्यापली आहे की गौरवाला उभ्यानेच प्रवास करावा लागेल.

ताईचे विमान आपण जाणताच. दोन आसने, लाकडी पंखा, कापडी आवरण. वयाने माझ्याहून नऊ वर्षांनी ज्येष्ठ आणि प्रकृतीने माझ्याहून उत्तम. एकोणीस वर्षे ताईने त्यातून दीर्घ प्रवास केले. गुडघ्यावर नकाशा, खाली नदी किंवा लोहमार्ग, दर अडीच तासांनी इंधनासाठी अवतरण. समोरून वारा असला की खालच्या हमरस्त्यावरचे ट्रक पुढे निघून जात. एका चालकाने म्हणे खिडकीतून हात हलवला. त्या अज्ञात गृहस्थाचाही मी मत्सर करतो.

हा तपशील मला कसा ठाऊक? कारण दुसऱ्या आसनावर माझी धर्मपत्नी होती! नणंद-भावजयींत किंचित वैमनस्य असावे, एवढी माफक अपेक्षाही माझ्या बाबतीत फलद्रूप झाली नाही. पाच-पाच दिवसांनी ही परते ती डोळ्यांभोवती गॉगलची पांढरी वर्तुळे घेऊन, आणि दारातूनच फोन: "वन्सं, पुढच्या वेळी समुद्राच्या कडेनं जाऊ या हं!"

मी म्हणे, "अगं, मी इथं उभा आहे."

"हो, दिसताय. दूध तापवलंत का?"

मग मी का गेलो नाही? नियम, सज्जनहो! दुसऱ्या आसनाची मर्यादा सामानासह पंच्याऐंशी किलो. प्रवाशाला काट्यावर उभे करून वहीत नोंद करणे, हे चिटणिसाचे कर्तव्य. माझी नोंद ब्याण्णव. प्रतिवर्षी ब्याण्णव. माझ्या देहयष्टीकडे पाहून कोणी शंका घेतली नाही. ताई दर वर्षी विचारी, "येतोस का रे?" आणि मी वहीकडे अंगुलिनिर्देश करून हताश मुद्रा धारण करी.

यंदा ताईने निवृत्ती पत्करली आहे. उद्या शेवटचा प्रवास: दोन दिवस, सहा थांबे, आणि मग ते विमान संग्रहालयात कायमचे उभे राहील. म्हणजे यापुढे हेवा करण्यासाठीसुद्धा दुसरे आसन शिल्लक राहणार नाही.

मंगळवारी ताई कार्यालयात आली. काट्यावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, "उभा राहा."

"अगं ताई, आत्ताच जेवलोय."

"जेवणासकट उभा राहा."

काटा एक्याऐंशीवर थांबला. ताईने वही उघडली, एकेक पान शांतपणे उलटले.

"काटा बिघडलाय बहुतेक," मी म्हणालो.

"काटा ठीक आहे. लहानपणी झोपाळ्यावर बसायची पाळी आली की तुझं पोट दुखायचं, तेव्हाही पोट ठीकच असायचं." वही मिटून ती म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. शुक्रवारी भाषण आहे ना तुझं? तूच सांग. आणि शनिवारी सकाळी सहाला ये. पिशवी चार किलोंच्या आत."

सभ्य स्त्रीपुरुषहो, एकोणीस वर्षे मी जिचा हेवा केला, तिने एकोणीस वेळा मला बोलावले होते. भीतीला ब्याण्णव किलोंचे वस्त्र नेसवून मीच ते आसन नाकारले. काल पत्नीने तिचा गॉगल माझ्या हाती दिला. डोक्याला घट्ट होतो. तक्रार नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. भाषणात काही न्यून राहिले असल्यास उदार मनाने पोटात घालावे. वहीत न्यून नव्हते, अधिक होते. त्या अकरा किलोंचीही क्षमा असावी. दुरुस्ती आज सकाळी केली आहे, खाली सही आहे.

आणि उद्या सहाला माझे पोट दुखू लागले, तर कृपा करून कोणीही विश्वास ठेवू नये.