कोरड्या खोलीची ओली काच

मी खाली सही करणारी, वय ५९, विधवा, काम घरी शिवणकाम, राहणार संशोधन केंद्रामागची वसाहत. शिक्षण चौथीपर्यंत, पुढचं वाचन माझं मी केलं. ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

घरी मी आणि मुलगी, दोघीच. मुलगी केंद्रात संशोधक आहे. कमी पाण्यावर तग धरणारा गहू तयार करणं हे तिचं काम. त्यासाठी तिथे एक कोरडी खोली आहे. रोपांचं पाणी तोडलं की दार बाहेरून लावतात, त्यावर कागदी पट्टी चिकटवून तिचे साहेब सही करतात. चाचणी संपेपर्यंत ते उघडत नाहीत. आत मोबाइल आणि बाहेरच्या चपला नेत नाहीत. पंख्यांचा आवाज फार, म्हणून मुलगी कानात कापसाचे बोळे घालते.

काल संध्याकाळी दार लावलं. मुलगी घरी आली नाही. फोन नुसता वाजत राहिला. आज सकाळी मी केंद्रात गेले. तिची पर्स, मोबाइल आणि चपला तिच्या टेबलाखाली होत्या.

पहारेकरी म्हणाला, "मावशी, हल्लीच्या मुली. गेल्या असतील कुणाबरोबर."

मी म्हटलं, "अनवाणी?"

साहेबांना दार उघडायला सांगितलं. ते म्हणाले, "काकू, लावताना मी हाक मारली होती. कुणी ओ दिली नाही." मी कापसाचं सांगितलं. ते म्हणाले, "आता उघडलं तर वर्षभराची मेहनत वाया. परवा पाहुणे येतायत."

दाराला लहानशी काच आहे. ती धुरकटली होती. मी बोटाने पुसली. ओल आतून होती.

साहेब म्हणाले, "झाडंही श्वास सोडतात, काकू."

पहारेकरी म्हणाला, "पण साहेब, मागच्या खेपेला काच कोरडी होती की."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मी दार वाजवलं. पंख्यांशिवाय काही ऐकू आलं नाही. मग मला बाहेर काढलं.

इथून हवालदारांनी माझ्यासमोर फोन केला. केंद्राच्या साहेबांनी "दुपारनंतर या" सांगितलं.

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. दार उघडावं, एवढंच मागते.

जबाब वाचून दाखवायला घेतला, तो मीच मध्ये थांबवला. लिहिलंय ते बरोबर आहे, चुकलं असेल तेही बरोबर धरा. सही केली आहे. आता गाडी काढा.