तलाव उजव्या हाताला

...आणि मग झोप कशी लागणार, तुम्हीच सांगा. तीन आठवडे मी पडल्या पडल्या एकच गोष्ट घोकत होते, तलाव उजव्या हाताला, तलाव उजव्या हाताला. बाकीच्या आयांना पोरांच्या तापाची काळजी, खोकल्याची काळजी, आणि मला कशाची, तर तलावाची. तोही फोटोतला.

म्हणजे झालं असं, की माझे सासरे, उमरावजी, रेल्वेच्या छोट्या लाईनवर सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. छोटी लाईन गेली, मोठी आली, मोठीचे रूळ काही ठिकाणी जुनी वाट सोडून सरळ गेले, आणि जुन्या वाटेवरची बारकी स्टेशनं तशीच धानाच्या बांध्यांत उभी राहिली, बिनछपराची. सासरेही तसेच राहिले. दोन हजार आठपासून त्यांचं विसरणं वाढलं. जेवलो की नाही ते विसरायचे, माझं नाव विसरायचे, ड्यूटी मात्र विसरेनात. दुपार झाली की चप्पल पायात. कुठं जाऊन राहिले बाबा, विचारलं की खिशातून फोटो काढणार आणि बोट ठेवणार, इथं.

इथं म्हणजे कुठं? फोटोत माझ्या सासूबाई, सुशीलाबाई. त्या जाऊन सहा वर्षं झाली. प्लॅटफॉर्मवर उभ्या, डोक्यावर पदर, हातात नवऱ्याचा डबा. मागे कौलारू खोली, मोहाचं झाड, उजव्या हाताला तलावाची पाळ. आणि स्टेशनच्या नावाची पाटी? पाटी नाही. काढणाऱ्यानं छाटली. गोंदियाच्या त्या स्टुडिओत जाऊन मी विचारलं, तर म्हातारा मलाच म्हणतो, "बाईजी, पाटी को क्या घर में टांगते?"

तुम्हाला वाटेल, कशाला हवं नाव? अहो, एक दिवस हा माणूस डोळा चुकवून निघणार आणि आम्हाला धावावं लागणार, तर कोणत्या दिशेला ते नको माहीत? आणि मी पडले भूगोलाची बीए. चहात साखर घातली की नाही यावर मी ठाम नसते, पण स्टेशन ओळखायला निघाले.

सौंदडला भैयाजी आहेत, जुने गेटमन, त्यांच्याकडे गेले. त्यांनी फोटो नाकापाशी धरला, हातभर लांब धरला, मग म्हणाले की छोट्या लाईनची सारी ठेसनं एकाच साच्यातली, मी तलाव पाहून सांगतो. आता आमच्या जिल्ह्यात तलाव पाहून गाव ओळखणं म्हणजे कावळा पाहून झाड ओळखणं. पण ते ठाम. खोलीकडे तोंड केलं की तलाव उजव्या हाताला, म्हणजे हे पळसटोला. डाव्या हाताला असता तर कोसमटोला म्हटलं असतं. मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं, पळसटोला. पेन्सिलनं लिहिलं. माझा स्वभाव.

आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत, सारा गाव चिखलात वाकलेला असताना, मी दूध उतू जाऊ नये म्हणून पाठ फिरवली आणि सासरे गेले. चप्पल जागेवर नाही, डबा जागेवर नाही. फोटो तेवढा खाटेवर. यांनी, योगराजनं, गाडीला किक मारली आणि थेट पळसटोला गाठलं. तिथून फोन, इथं बकऱ्या आहेत, बाबा नाहीत. मी उंबऱ्यावर बसले फोटो घेऊन. तलाव उजव्या हाताला... उजव्याच हाताला आहे हो, मग माणूस कुठं आहे?

आमची चेतना, दुसरीतली, माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "आई, आजीचा पदर चुकला."

भिंतीवर सासूबाईंचा हार घातलेला फोटो आहे. त्यात पदर डाव्या खांद्यावर. ह्यात उजव्या. आता आमच्या गोंदियात अर्ध्या बायका मराठी पदराच्या, अर्ध्या उजव्या खांद्यावरच्या हिंदी सीध्या पल्ल्याच्या, भाजीबाजारात दोन्ही खांदे दिसतात, म्हणून पाच मोठ्या माणसांनी तीन आठवडे तो फोटो पाहिला आणि एकालाही खटकलं नाही. मला तर वाटलं, फोटोसाठी हौस केली असेल. पण त्या बाईनं जन्मात सीधा पल्ला घेतला नव्हता. स्टुडिओवाल्यानं फोटोच उलटा छापला होता! मी तो खिडकीच्या उजेडावर मागून धरला. तलाव गुपचूप डाव्या हाताला गेला.

यांना फोन केला आणि चेतनाला ऑटोत घालून कोसमटोल्याला गेले. रूळ केव्हाच उचललेले, नुसता गिट्टीचा बांध. फुटक्या प्लॅटफॉर्मवर सासरे बसलेले, रिकामा डबा मांडीवर, तोंड तलावाकडे. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं.

"सुशीला, आज उशीर काऊन केला?"

ती आता येणार नाही, हे त्या माणसाला कितव्यांदा सांगायचं, आणि दर वेळी ते त्याला नवंच. मी डोक्यावर पदर घेतला, डाव्या खांद्यावरचाच, आणि म्हटलं, गाडी लेट होती जी. त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं. छोटी लाईन, लेट व्हायचीच.

घरी आल्यावर मी पेटीतले सगळे फोटो काढले, प्रत्येकामागे नाव लिहायचं म्हणून. चेतनानं पेन्सिल हिसकावली आणि लिहिलं, कोसमटोला, आजी, डबा, तलाव डाव्या हाताला. सासरे शेजारी बसून शहाण्यासारखे बघत होते. मला बरं वाटलं, चला, पोरीला तरी असं शोधत फिरावं लागणार नाही. तेवढ्यात तिनं माझा कॉलेजातला फोटो उचलला, उलटा केला आणि विचारलं, हे कोणतं गाव? मी हसून म्हटलं, ठेव गं तो, माझ्या फोटोंवर काय लिहायचं, मी काही विसरत नाही.

तिनं आधी माझ्याकडे, मग आजोबांकडे बघितलं, आणि पेन्सिल जिभेला लावून म्हणाली, "आत्ताच सांग ना आई. मग मी कोणाले विचारू?"