गव्हातली कुडी

"गहू निवडताना कान बी निवडून टाकलास व्हय?"

उचगावच्या गिरणीत वर्षाराणीच्या पुढं उभे असलेले बाळासो बायकोवर, तानाबाईंवर, कुरकुरत होते. त्यांनी लग्नात दिलेली तानाबाईंची सोन्याची कुडी डब्यातल्या गव्हात पडली होती.

"काळजी नगं, मामी," गिरणीवाला मीरासाब म्हणाला. "दाणं वतायच्या तोंडाशी मोठा चुंबक बसवलाय. खिळा, तार, सगळं धरतंय."

"अरं, सोनं चुंबकाला चिकटत न्हाय! शाळंत काय शिकलास? चाळणीनं बघ."

"गिरणी बंदच हाय, मामा. हळूच वततो, नदरंला पडंल."

"चाळणी म्हटलं न्हवं?"

तोवर गहू सरसरला. टक् करून कुडी चुंबकाला चिकटली.

सगळी रांग वाकून बघू लागली. वर्षाराणीला राहवेना.

"कुडीचं मागचं मळसूत्र लोखंडाचं असंल, काका."

"व्हय व्हय, मळसूत्रच!" बाळासो म्हणाले.

"मळसूत्र माझ्या हातात हाय," तानाबाई म्हणाल्या.

"मग गव्हातलं लोखंड लागलं असंल," मीरासाब घाईनं म्हणाला. "डॉक्टर सांगतात की, गव्हात लोखंड असतंय."

"बरोबर बोललास," बाळासो भिंतीकडं बघत पुटपुटले.

"कुणाकुणाला खोटं बोलाय लावताय?" तानाबाईंनी कुडी ओढून काढली, पदरानं पुसली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. "अवं, सोन्याची न्हाय ती. लग्नाच्या सालीच शिवणाच्या डब्यातल्या चुंबकानं सुयांसंगं उचललीती. तरी कानातनं काढली का मी? घाला आता. आन् मळसूत्र घट्ट आवळा."